इंगोल्यांची हजेरी

ये गं सई, बस जवळ, असं म्हणायची सोय तुम्ही पोरांनी ठेवलीच नाहीत. फोनमध्ये जवळ ये म्हटलं तर तुझं नाक तेवढं मोठं दिसतं. गेल्या रविवारी हसलीस ना मला? "आजी, हे कुठलं जुनाट टूल उघडून बसतेस गं रोज? बटणं बघ कशी करडी!" म्हणालीस, आणि मी तोंड उघडेपर्यंत तुझी मीटिंग आली. रविवारची कसली गं मीटिंग? हसायला माझी ना नाही. पण हसायचं तर पुरतं ऐकून हसावं. ती करडी बटणं ज्यांनी केली त्यांच्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस.

म्हणून लिहायला बसले. शाळा माझी सातवीला सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचलेलं. तेव्हा माझ्या शुद्धलेखनाला तू नव्याने हसू नकोस. तेवढं इंगोल्यांनी हसून ठेवलंय.

इंगोले आमच्या वारज्याच्या सोसायटीत माझ्या डोक्यावर राहायचे, म्हणजे बरोब्बर वरच्या मजल्यावर. मूळचे अमरावतीकडचे. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या उगवायला लागल्या तेव्हा नोकरीला म्हणून आले आणि राहिले. सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं आणि परदेशातल्या कुठल्याशा बँकेसाठी प्रोग्राम लिहायचे, हे त्यांचं काम. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण "काहून" आणि "बाप्पा" सुटलं नाही. पुण्याकडून त्यांनी एकच गोष्ट उचलली, तिरकं बोलणं. म्हणजे बोली अमरावतीची आणि धार शनिवार पेठेची, असं ते रसायन होतं. आमची लिफ्ट बंद पडून पडून शेवटी बंदच राहिली होती, आणि चेअरमनसाहेबांनी तिच्यावर पाटी लावली, 'लिफ्टचे दार नीट लावावे'. इंगोले पाटीसमोर उभे राहून मला म्हणाले, "काकू, चेअरमन दाराची काळजी करून राहिले. लिफ्टला बरं वाटलं असन."

उंच माणूस, पण सदा वाकलेला. चष्मा कपाळावर आणि नाक पडद्याला टेकलेलं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मोठं करून बघा." फोटो असो, विजेचं बिल असो, मंडईतून आणलेलं वांगं असो. मी म्हणायचे, इंगोले, हे वांगं आहे, याला मोठं कसं करू? तर म्हणायचे, "मग चष्मा लावून बघा. भोक आहे त्याला."

त्यांची बायको शुभा. ती बँकेत होती. बँकेत कॉम्प्युटर आले आणि माणसं कमी करायची म्हणून स्वेच्छानिवृत्ती निघाली, ती शुभाने घेतली. "नवऱ्याच्या धंद्याने माझी खुर्ची खाल्ली," असं ती त्यांच्यासमोरच सांगायची आणि ते पोहे खात मान डोलवायचे. निवृत्तीनंतर तिने पहिली काय गोष्ट केली असेल तर कॅमेरा घेतला. आणि फोटो कसले काढायची? देवळं नाहीत, सूर्यास्त नाहीत. पाटा-वरवंटा. रॉकेलचा स्टोव्ह. फिरकीचा तांब्या. घराघरांतून माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारात चाललेल्या वस्तू. त्यांचे फोटो काढायचे आणि विकीवर चढवायचे.

विकी म्हणजे कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. तुला माहीत आहे गं, पण हे छापून आलं तर माझ्या भिशीतल्या बायकाही वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. तिथे प्रत्येक वस्तूचं एक पान. त्या पानावर लेख आणि लेखाशेजारी चित्र. शुभा तिथे स्वतःच्या नावाने नव्हती. 'कोपऱ्यातली' असं नाव घेतलं होतं तिने. मला मराठीत टाइप करायला तिनेच शिकवलं आणि मीही मग लेख लिहायला लागले, अळूवडी, सांडगे, कुरडया असले.

आता तुझं ते जुनाट टूल. त्याचं असं झालं की शुभा फोटो चढवायची आणि मग तिला चुटपूट लागायची की तो नेमका लावला कुणी, कुठे लावला. "माझी पोरं कुणाच्या पंक्तीला बसलीत ते मला कळायला नको का?" म्हणायची. म्हणून इंगोल्यांनी सुट्टीच्या दिवसांत बसून तिच्यासाठी ते केलं. पानाचं नाव टाकलं की त्या पानावर जेवढी चित्रं असतील त्यांची यादी येते. उलटं, चित्राचं नाव टाकलं की ते कोणकोणत्या पानांवर लागलंय ते येतं. एखादं चित्र कुणी उडवलेलं असेल आणि पानावर नुसती रिकामी चौकट उरली असेल, तर तिच्यापुढे लाल अक्षरात 'गैरहजर'. टूलचं नाव त्यांनी ठेवलं 'हजेरी'. आणि बटणं करडी, कारण शुभा म्हणाली, रंगीत बटणं केलीत तर माझे फोटो कोण बघेल? कळलं? आता हस.

तिचा पेरूचा फोटो एकदा अशा भाषेच्या पानावर सापडला की ती अक्षरं कुठल्या देशाची हेही आम्हाला कळेना. संध्याकाळी माझ्याकडे धावत खाली आली होती. "काकू, आपल्या मंडईतला पेरू!" त्या दिवशी तिने सगळ्या मजल्यांवर पेरू वाटले.

इंगोलेही मग विकीवर रमले. पण ते लिहायचे नाहीत, तपासायचे. कुणाचा फोटो धूसर, कुणाचा दुसरीकडून उचललेला, ते बरोबर पकडायचे आणि काढून टाकायचे. एकदा मी अळूवडीच्या लेखात माझ्या अळूवडीचा फोटो लावला. ताट डाव्या हातात धरून उजव्याने काढलेला. दुसऱ्या दिवशी फोटो गायब आणि लेखाच्या चर्चा पानावर त्यांची ओळ, 'चित्र वस्तूचे हवे, काढणाऱ्याचे नको.' मी तरातरा वर गेले.

"इंगोले, माझ्या वड्या का काढल्या?"

"वड्या झकास आहेत न काकू. पण मोठं करून बघा. कोपऱ्यात तुमचा अंगठा आहे."

"मग असू दे की!"

"हा लेख अळूवडीवर आहे बाप्पा. अंगठ्याचा वेगळा लेख आहे, तिथे लावू का?"

शुभा आत हसून हसून भिंतीला टेकली होती. मग तिनेच खाली येऊन दुसरा फोटो काढून दिला, बिनअंगठ्याचा. तो अजून आहे.

ती गेली ती फार झटपट. दुखणं काय आहे हे नीट कळेपर्यंत माणूस हातातून गेलं. त्याचं मी इथे काही लिहीत नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि एक दिवस सकाळी मी चहा टाकत होते. आमच्या इमारतीत स्वयंपाकघरांच्या मागे पाइपांचा डक्ट आहे, त्यातून वरचं बोलणं खाली येतं. वरून इंगोल्यांचा आवाज आला.

"पाटा-वरवंटा."

मग शांत. मग, "पेरू." पुन्हा शांत. "फिरकीचा तांब्या." "स्टोव्ह."

मला वाटलं फोनवर कुणाला तरी यादी सांगतायत. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. शुभाचे जेवढे फोटो विकीवर होते त्यांची ते हजेरी घेत होते, एकेक नाव मोठ्याने. आणि प्रत्येक नावानंतर थांबायचे, वर्गात मास्तर थांबतात तसे, समोरून आवाज येईपर्यंत. मी गॅस बारीक करून उभी राहायचे. कान त्या डक्टला. तुला खरं सांगते सई, समोरून कुणी ओ देत नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्या थांबण्यात माझ्या अंगावर काटा यायचा. कारण पुढचं नाव घ्यायला ते जी वेळ लावायचे ती रोज सारखी नसायची. जणू कधी उत्तर पटकन यायचं, कधी उशिरा.

सगळ्यात जास्त थांबायचे ते 'बंब' म्हटल्यावर.

बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा, मधून नळकांडं गेलेला, खाली विस्तव घालायचा. तांबट आळीतल्या एका दुकानात शुभाने त्याचा फोटो काढला होता. कल्हई-पॉलिश करून लखलखीत ठेवलेला बंब, आणि त्याच्या पोटावर शुभा. एक गुडघा टेकून बसलेली, कॅमेरा डोळ्याला, पदर खोचलेला, सगळी थोडी रुंद आणि तांबूस झालेली. तिच्या घरात तिचे फोटो नव्हते असं नाही. पण ते लग्नकार्यातले, ज्यांत ती चार बायकांच्या मागे अवघडून उभी. एकदा इंगोल्यांनीच मला सांगितलं, "अल्बममधली शुभा कुणाची तरी मामी आहे काकू, कुणाची तरी वहिनी. ही एकटीच तिच्या कामात आहे."

"मग याची प्रत काढून भिंतीवर लावा की," मी म्हणाले.

"भिंतीवर लावला की हार घालावा लागते. पानावर आहे तोवर ती कामावर आहे."



आणि मग एक दिवस बंबाच्या चर्चा पानावर कुणा नव्या मुलाने लिहिलं. मुलगा चांगला होता गं, भाषा अगदी अदबीची. 'नमस्कार. चित्रात छायाचित्रकाराचे प्रतिबिंब ठळक दिसते, त्यामुळे वस्तूचा आकार कळत नाही. चित्र बदलावे असे सुचवतो. चित्र वस्तूचे हवे, काढणाऱ्याचे नको, हा इंगोले सरांचा दंडक आपण सारेच पाळतो.'

त्याला काय माहीत 'कोपऱ्यातली' कोण होती? कुणालाच माहीत नव्हतं. मला सोडून.

मी वर गेले. इंगोले पडद्यापुढे बसले होते, नाक टेकलेलं नव्हतं, खुर्चीत मागे रेलून बसले होते. तसं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लिहा त्याला," मी म्हटलं. "कोण आहे ती, सांगा. तो मुलगा माफी मागेल."

"सांगतो न. आणि मग तुमच्या अंगठ्याचं काय?"

"आग लागो माझ्या अंगठ्याला! अंगठा आणि बायको एक आहे का?"

"वाचणाऱ्याला एकच आहे काकू. तो बंब बघायला येते." मग म्हणाले, "तिनेच तुम्हाला दुसरा फोटो काढून दिला होता. तिला पटलं होतं न ते."

ते हट्टी होते आणि खरे होते, आणि दोन्ही एका माणसात असलं की त्याच्याशी भांडता येत नाही. मी खाली आले. त्या आठवड्यात सकाळी हजेरी ऐकू यायची, पण बंबाशी आली की थांबायची आणि तिथेच संपायची. पुढची नावंच नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज, बस.

मग एके सकाळी दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शुभाचा कॅमेरा. "चला काकू, तांबट आळीत जाऊ. बंब पाहिजे, बिनमाणसाचा."

रिक्षाने गेलो. आळीत शिरलो तशी ती ठोक्यांची ठणठण. दुकानदार म्हातारा होता, त्याला शुभा आठवत होती. "त्या बाई? इथेच गुडघ्यावर बसल्या होत्या, मी म्हणालो साडी खराब होईल. आल्या नाहीत परत. बऱ्या आहेत ना?" इंगोल्यांनी मान डोलावली. ती हो अशी की नाही अशी, त्या म्हाताऱ्याने काय समजायचं ते समजावं अशी. आणि बंब तोच होता. गिऱ्हाईक येतं, बंगल्यात शोभेला ठेवतो म्हणतं, घासाघीस करतं आणि जातं, म्हातारा म्हणाला.

मी तिघांचा चहा सांगायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर म्हातारा आत कुठलीशी परात शोधत होता आणि इंगोले बंबासमोर एक गुडघा टेकून बसले होते. कॅमेरा बाजूच्या स्टुलावर. एवढा उंच माणूस, मान खाली घेऊन, खांदे पाडून, स्वतःला लहान लहान करत नेत होता. बंबाच्या पोटावर त्यांचा चेहरा हलत होता आणि ते थोडे डावीकडे, थोडे खाली, असे सरकत होते.

"काय शोधताय हो?"

"उंची," म्हणाले. "बसल्यावर ती कुठपर्यंत यायची, तेच विसरून गेलो होतो. आता सापडली. इथपर्यंत." आणि हाताने हवेत, आपल्या खांद्याखाली, एक रेघ दाखवली. त्या रेघेवर कुणाचा तरी माथा असावा तसा हात जपून काढून घेतला.

मला तिथे उभं राहवेना. चहावाला पोचला नव्हता, तेवढं निमित्त पुरलं. मी पुन्हा कोपऱ्यावर गेले आणि मुद्दाम रेंगाळले. आले तोवर फोटो काढून झाला होता. बंबाला जरा तिरपं केलं होतं, समोर म्हाताऱ्याची काळी घोंगडी दोरीवर टाकली होती, म्हणजे पोटावर प्रतिबिंब पडायला नको. फोटो सुरेख आला होता. गोल, तांबूस, रिकामा.

त्यांनी तो पानावर लावला. शुभाचा काढला. त्या मुलाने आभार मानले, खाली हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डक्टपाशी उभी. "पाटा-वरवंटा." "पेरू." सगळी नावं आली. मग, "बंब." टूलने काय उत्तर दिलं असेल ते मला ठाऊक होतं, मी खाली माझ्या कॉम्प्युटरवर आधीच टाकून पाहिलं होतं, 'हे चित्र कोणत्याही पानावर नाही.' तरी ते थांबले. फार वेळ थांबले, माझा चहा उतू गेला. 'गैरहजर' काही ते म्हणाले नाहीत. पुढचं नाव घेतलं. आणि त्यानंतरही रोज, बंब म्हणायचं, थांबायचं, पुढे जायचं.

पुढे त्यांचा पाय दुखायला लागला आणि भाऊ येऊन त्यांना अमरावतीला घेऊन गेला. निघताना जिन्यात थांबले. हातात एकच पिशवी, चष्मा कपाळावर. लिफ्ट तेव्हा दुरुस्त झाली होती, पण ते चालतच उतरले. मला म्हणाले, "काकू, टूल चालू ठेवलंय. रोज उघडत जा. कुणी उघडत नसलं तर बंद करून टाकतात ते विकीवाले." मी म्हटलं, उघडेन. "आणि फोटो मोठे करून बघत जा. तुम्ही नुसतं वरवर बघता." तेवढं बोलून उतरले. वळणावर त्यांनी कठड्याला धरलं आणि जरा भिंतीला सरकून पायरी उतरले, शेजारून कुणी उतरत असलं की आपण सरकतो तसे. मला ते दिसले ते तेवढेच शेवटचे. वर्ष झालं नसेल, भावाचा फोन आला.

म्हणून मी रोज ते टूल उघडते, सई. वरती आता नवं बिऱ्हाड आहे, त्यांच्याकडे सकाळी टीव्ही लागतो. मी नावं मोठ्याने घेत नाही, मला धीर होत नाही. मनात घेते.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. मध्यंतरी मला त्यांची आठवण आली आणि मी त्यांचा बंबाचा फोटो उघडून, त्यांनी सांगितलं होतं तसा, मोठा केला. अजून मोठा. पोटावर काही नाही, साफ आहे. पण खाली पितळेची तोटी आहे ना, तिच्या गोल टोकावर, तिळाएवढा, एक माणूस आहे. उंच, वाकलेला. दुसऱ्यांचे अंगठे पकडणारा माणूस गं! त्याला ते दिसलं नसेल? की दिसलं आणि राहू दिलं?

आणि त्याच्या खांद्याखाली अजून काहीतरी आहे. तितक्याच उंचीवर, जिथे त्यांनी मला हाताने रेघ दाखवली होती. मी तेव्हा कोपऱ्यावर होते. म्हातारा आत होता. घोंगडीची घडी असेल. टांगलेला हंडा असेल. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात व्हायचाय, मी कशाची खात्री देऊ?

परवा बंबाच्या चर्चा पानावर पुन्हा कुणीतरी लिहिलंय. 'तोटीवर प्रतिबिंब दिसते आहे. चित्र बदलावे का?' तो पहिला मुलगा नव्हे, हा दुसराच. उत्तर कुणी दिलेलं नाही. दंडक काय आहे ते मला पाठ आहे, माझ्याच अंगठ्यावरून झालाय तो. इंगोले असते तर तांबट आळीत गेले असते. मी रोज ते पान उघडते, उत्तराच्या चौकटीत जाते आणि काही न लिहिता बाहेर येते.

तुझे डोळे चांगले आहेत. तुझ्या त्या मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन ये. तू बघ आणि मला एवढंच सांग की तिथे एक आहे की दोन. मग काय लिहायचं ते मी लिहीन. अळूची पानं सोसायटीच्या मागे मस्त वाढलीत, वड्या करते. मीटिंगा राहू देत गं. दुसऱ्या कुणी उत्तर द्यायच्या आत ये.